रसूलचा ‘थम’

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर खोटे पाडणे हा माझा जुना छंद. त्यामुळे अशाच गोष्टींच्या या सदरात मीच लिहितो आहे हे पाहून ओळखीचे लोक हसतील. हसू देत. पण गेल्या माघात पिंपळवंडीच्या शिवारात जे घडले त्याची भलतीच रूपे सध्या फिरत आहेत, आणि त्यांतल्या एकाने एका बाईची झोप उडवली आहे.

कळंबच्या एका तरुणाने मित्रांना जमवून चित्रपट काढला. जमीन बळकावणाऱ्यांनी मारलेला माजी सैनिक उसातून परत येतो आणि एकेकाचा सूड घेतो — एवढीच कथा. मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, मिशा अजून जागेवर. म्हणून मेलेला सैनिक मी.

शेवटचा प्रसंग भर दुपारी होता. मी संचलनाच्या पावलांनी उसातून यायचे आणि गुडघ्यांवर बसलेल्या सुहासच्या — हा आमचा खलनायक — खांद्यावर कोयता घालायचा. कोयता लाकडी, वर चंदेरी पत्रा, वजनासाठी आत लोखंडी पट्टी. सुहासच्या सदऱ्याखाली जाड गादी.

आमच्याकडे ऊसतोडीची माणसे जेवायला बसताना कोयता उसाच्या बुडख्यात रोवून ठेवतात. आमचे सामान सांभाळणाऱ्या बबननेही सवयीने तसेच केले. शेजारीच तोड चालू होती... उचलताना त्याने कुणाचा उचलला, हे ना त्याला कळले, ना आम्हाला.

“आजोबा, दया दाखवू नका हां!” दिग्दर्शक ओरडला.

“तू तुझा कॅमेरा सांभाळ,” मी म्हणालो आणि निघालो.

सुहासजवळ पोहोचता पोहोचता कोयता वर गेला... आणि पाठीमागून आवाज आला — “थम!”

फौजेत थांबण्याचा हा हुकूम ठरलेला पाय जमिनीवर पडतानाच देतात. जुन्नरचा माझा जोडीदार रसूल मात्र तो कायम चुकीच्या पायावर द्यायचा. सगळी तुकडी अडखळायची आणि कवायत घेणारे उस्ताद त्याचा उद्धार करायचे. हा हुकूमही चुकीच्याच पायावर आला. माझे पाय थांबायला गेले, अडखळले, मी तिरका झालो, आणि कोयता सुहासला चुकवून शेजारच्या पाण्याच्या पाइपावर पडला. पाइप एका घावात दुभंगला. पाणी उसळले.

सुहास पांढराफटक. “राव... ह्यो तर खरा हाय!”

रसूलला जाऊन तेव्हा वर्ष उलटले होते.

गावकरी म्हणतात, म्हाताऱ्याची शुगर उतरली. मला शुगर नाही, आणि नुकताच भाकरी खाऊन उठलो होतो. पुतण्या म्हणतो, कान वाजले. वाजणारे कान हुकूम देत नाहीत! सर्वांत हलकट रूप दिग्दर्शकाचे. रसूलचे नाव माझ्याच तोंडून ऐकून त्याने मुलाखतींत सांगितले, की शहीद रसूलचा अतृप्त आत्मा सुडासाठी आजोबांच्या अंगात शिरला. पोस्टरवरही तेच.

रसूल शहीद नव्हता. जुन्नरला स्वतःच्या घरात, दीर्घ आजाराने, मुलीचा हात धरून गेला. त्याच्या पत्नी जुबेदाभाभी मला म्हणाल्या, “भाऊ, बाजारात बाया इचारत्यात, तुमचा माणूस भूत झाला व्हय? लई जिव्हारी लागतं. तुमी तरी खरं लिवा.”

म्हणून लिहितो. ज्याने उगारलेला हात थांबवला, त्याला सुडाचा भुकेला म्हणता?

दिग्दर्शकाला मी फोन केला. “पोस्टरवरचं नाव काढ.”

“आजोबा, पब्लिक त्याच्यासाठीच येनार हाय वो.”

“मग पहिल्या खेळाला मीही येईन. पडद्यावर काही दिसायच्या आत उभा राहून हे सगळं वाचून दाखवीन. शेजारी भाभी असतील.”

“बघतो,” म्हणत त्याने फोन ठेवला. बघू दे.

आता माझ्या विरुद्ध जाणारी गोष्टही मीच सांगतो. त्या प्रसंगाचे ध्वनिमुद्रण मी पुन्हा पुन्हा ऐकले. माझी पावले आहेत, अडखळणे आहे, पाण्याचा फवारा आहे. ‘थम’ नाही. सुहासनेही तो ऐकला नाही. कोयता खरा आहे हे अख्ख्या शिवारात कुणाला ठाऊक नसताना रसूलला कसे कळले, याचे उत्तर माझ्याकडे नाही. कुणी देऊ पाहील तर शांतपणे ऐकेन. मात्र त्याला भूत म्हणायचे असेल, तर जुन्नरला भाभींच्या दारात उभे राहून म्हणा. मी तिथेच असेन.