डेऱ्याला लावलेला कान

निरोप आला तेव्हा मी चाकणच्या नाक्यावर गाडीखाली होतो. शेजारचा शिवाभाऊ आला आणि चाकापाशी नुसताच उकिडवा बसला. मी म्हणालो, "बरा आलास, पाना दे." त्यानं पाना दिला नाही. माझ्या पायाला हात लावला, तेव्हा कळलं, ही गेली. सकाळी निघताना हिच्या अंगात कणकण होती, तरी "डबा इसरू नगा" म्हणाली होती... बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. आता महिना उलटून गेला, आज घेतो. सरूबाई. माझी शाळा चौथीपर्यंत, तिची तेवढीही नाही. पण कुणापुढं मान न वाकवणारा मी, त्या बाईपुढं एकदा तोंडाचा आ करून उभा राहिलो होतो, ते लिहायला बसलोय.

पिंपरीच्या एका कंपनीत मी पत्रा दाबणाऱ्या धडधडत्या प्रेसवर होतो. फोरमन एकदा आईवरून बोलला. मी त्याच्या टेबलावर कंपनीचा गेटपास टाकला आणि घरी आलो. चाकणचा कांदा पुण्याला न्यायचा असं ठरवून लष्कराच्या लिलावातला एक जुना ट्रक घेतला, तो ओढतच दारात आला. किती पावसाळे उघड्यावर उभा होता देव जाणे. गियरबॉक्स उघडला तर आत तेलाच्या जागी लाल चिखल, आणि गियर शाफ्टला असे धरलेले की जणू एकाच लोखंडाचे ओतलेत. त्या बनावटीचे गियर बाजारात मिळत नव्हते. इकडं कांदा काढणीला आलेला. गाडी चालली नाही तर मला त्याच फोरमनपुढं हात जोडून उभं राहावं लागणार, हे मला आणि सरूला, दोघांनाही ठाऊक होतं.

मी हातोडा घेतला. दुसऱ्या नंबरचा गियर निघाला खरा, पण त्याचे दोन दात तुटून अंगणात उडाले. सरू पिठाच्या हातानं बाहेर आली, दात उचलून तळहातावर धरले.

"तव्यावर गंज चढला तर तवा हाणता व्हय?"

"तवा न्हाई त्यो, गियर हाय."

"लोखांडच न्हवं का?"

माझ्या हातातला हातोडा तिनं काढून घेतला आणि आत नेऊन पिठाच्या डब्यामागं ठेवला. परसातल्या झाडाची चिंच कोळली. मी पत्र्याची बादली पुढं केली तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, चिंच बादली खाती." मातीच्या मोठ्या डेऱ्यात तिनं उरलेले गियर शाफ्टसकट बुडवले. शिवाभाऊ कुंपणावरून हसला, "काय वैनी, गाडीची आमटी टाकलीया?" ही म्हणाली, "व्हय भावजी, ताट घिऊन या."

मग वाट बघणं. येता-जाता ती डेऱ्याच्या तोंडाला कान लावायची. "अजून गपगार हाय." मी लावला तर काहीच नाही, माझे कान प्रेसनं कधीच नेले होते. एका दुपारी मात्र ती ओरडलीच, "काढा, काढा! लोखांड कुरकुरतंय. गंज सरला, आता चिंच त्येला खाया लागली." बाहेर काढले. जो गियर हातोड्याला हलला नव्हता तो अंगठ्यानं ढकलला तर सरकला... लाल सालीखालून निळसर पोलाद वर आलेलं. मी बघतच राहिलो. ती कुठली बघत बसते! राखेनं घासलं, चुलीपाशी सुकवलं आणि लगेच तेल चोळलं, "वाऱ्यावर ठेवलं तर पुन्ना लाल हुतंय." मग एकेका दातावरून नख फिरवलं. एकाही दाताला नख अडकलं नाही. वाया गेला तो एकच गियर, माझ्या हातोड्यानं तोडलेला.

दुसरा गियर वगळून मी बॉक्स बांधला. तो सबंध हंगाम आमची गाडी पहिल्यातून थेट तिसऱ्यात उडी मारायची. पहिल्या खेपेला सरू शेजारी बसली होती. चढाला इंजिन कण्हायला लागलं तर म्हणाली, "दुसरा न्हाई तर न्हाई, पयल्यालाच जरा जास्ती पळवा." मी वाट वाकडी करून पिंपरीवरून गाडी घेतली. का ते मी सांगितलं नव्हतं. कंपनीचं गेट दिसलं तशी तीच म्हणाली, "वाजवा की हारन."

तुटक्या दातांचा तो गियर तिनं टाकू दिला नाही. दर खंडेनवमीला पान्यांच्या शेजारी तोही पूजेत असायचा, चिंचेतून काढलेला, तेल लावलेला. वर्षभर घरात लाल पडायचा आणि त्या दिवशी चकाकायचा. खंडेनवमी आता जवळ आलीय. काल मीच चिंच कोळली आणि तो डेऱ्यात सोडला. कान लावून बसलोय. मला काही ऐकू येत नाही... लोखंड कुरकुरतं म्हणजे नेमका कसा आवाज होतो, ते तिला कधी विचारलंच नाही. सून दोनदा येऊन गेली, "मामंजी, काढू का?" मी म्हटलं, थांब.

हातोडा मात्र मी पिठाच्या डब्यामागं ठेवलाय.