उतरायचा कठडा

गोल जिन्याचे लाकडी कठडे करणारा माणूस स्वतःला इंजिनियरच्या वरचा समजतो. निदान मी तरी समजायचो. शहाडला माझा कारखाना आहे. सागाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या, शिकंज्यात आवळायच्या आणि त्यांना हवा तसा बाक द्यायचा, एवढंच मी पंचवीस वर्षं करतोय. त्यात कोणी खोट काढली की माझं डोकं फिरतं.

कळव्याच्या एका शेठनी बंगला बांधला. जिना गोल आणि त्याला कठडा काचेचा, सोनाराच्या दुकानात असतो तसा. शेठची आई ऐंशीच्या घरातली, तरुणपणी मिठागरात राबलेली. पहिल्याच दिवशी ती जिन्याखाली उभी राहून म्हणाली, "काचेला धरून कोन चढतं?" आणि खालच्या खोलीतच राहिली. स्वयंपाकघर वर, टीव्ही वर, नातवंडं वर. तिचं ताट तेवढं खाली जायचं. हात धरून नेतो म्हटलं तर, "मी काय नवरी हाय?" असे चार महिने गेले. शेठ मला म्हणाले, "घर बांधलं तिच्यासाठी, आणि ती वॉचमनसारखी खाली बसलेय. मला घास गिळवत नाय." मलाही वाईट वाटलं.

मी म्हातारीचीच मापं घेतली, मुठीचं आणि उंचीचं. कोणता हात चालतो तेही विचारलं. "उजवा. डावा खांद्यात जखडलाय." मग चढताना उजव्या हाताला येईल असा लाकडी कठडा काचेवर बसवला. तिने चपला काढल्या, कठडा धरला आणि कोणाकडे न बघता वर गेली. सुनेने ओवाळलं. शेठचे डोळे भरून आले. कौतुक ऐकायला मी जरा पुढे सरकलो.

जेवणं झाली. म्हातारी जिन्याच्या तोंडाशी आली आणि थांबली. उतरताना कठडा डावीकडे, उजवीकडे नुसती भिंत. तिला वर न्यायच्या नादात उतरायचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. घरच्यांचं एक वेळ ठीक, पण माझ्याही.

"आरं शहाण्या," ती मला म्हणाली, "आता मी काय उडी मारू?"

त्या दिवसापासून ती वरच अडकली, नातींच्या खोलीत. मी मान खाली घालून शहाडला आलो आणि भिंतीच्या बाजूचा कठडा पाच दिवसांत तयार केला. इतक्या घाईने मी कधीच काम केलं नव्हतं. घेऊन गेलो तेव्हा म्हातारी गॅलरीत बसून खालच्या कोळणीशी भावावरून भांडत होती. एक नात तिच्या खांद्याला तेल चोळत होती. शेठ आत जेवायला बसले होते, घास व्यवस्थित गिळत.

मी कठडा तिच्यापुढे धरला. तिने डोळे मिटले आणि एकदाच त्यावरून तळवा फिरवला.

"सांदा लागतंय हाताला. परत ने."

मी हात फिरवून बघितला. सांधा सोडा, लाकडाची बारीक कूसही लागत नव्हती. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "सावकाश कर. घाई कोनाला हाय?" आतून शेठ माझ्याकडे बघत होते.

आयुष्यात पहिल्यांदा मी नसलेली चूक कबूल केली. "राहिलाय खरा, आई," म्हणालो, आणि तो कठडा महिनाभर कारखान्यात तसाच ठेवून दिला.