गाडीखालचा पेपर

आलापल्लीतल्या आमच्या गल्लीत कोणाकडे पाहुणा गाडी घेऊन आला की भाऊ आधी गाडीला भेटत. उलटा हात बोनेटवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मग पाहुण्याकडे वळायचे.

"कुठून आले?"

"नागपूरहून. थेट."

"थेट नाई," भाऊ हात पुसत म्हणत. "इंजिन थंड पडून राह्यलं. रस्त्यात अर्धा घंटा कुठी तरी बसले तुम्ही."

पाहुण्याचा चेहरा उतरे आणि घरातली माणसं त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागत. भाऊंना त्याचं काही नसे. "गाडी खोटं बोलत नाई, गाडीवाला बोलते," एवढं म्हणून ते आपल्या ओट्यावर जाऊन बसत.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. पण आमचा नमुना जरा वरचढ होता. उभी हयात आलापल्लीच्या सागवानी जंगलात साहेबलोकांची जीप चालवली आणि निवृत्तीनंतर समोरच्या घरात राहायला आले. बायको आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन वरोऱ्याला. उरला संशय, तो ते मन लावून सांभाळत.

काळ्या काचेच्या गाडीवर त्यांचा संशय. आपोआप गिअर पडणाऱ्या गाडीवर तर फारच. "जे गाडी आज सोताच गेर टाकते, ते उद्या सोताच निघून जाईन. मंग बसा पायत." वळणावर हॉर्न न वाजवणारा माणूस त्यांच्या मते घरीही न सांगता निघून जाणारा. वाघाबद्दल मात्र तक्रार नव्हती. "वाघ पाहून रस्ता ओलांडते. ट्रकवाला नाई पाहत."

टीव्हीवर गाड्यांची शर्यत लागली की ते आमच्याकडे येत आणि सगळा वेळ कुरकुरत. "जिथून निघाले तिथीच पोचून राह्यले. एवढं तेल काऊन जाळलं? आन् हे पयलेच ठरलं असते सर, लिहून घ्या." पण मध्येच गाडी थांबे आणि पोरं डोळ्याचं पातं लवायच्या आत चार चाकं बदलत, तेव्हा भाऊ खुर्चीच्या टोकावर येत. "बक्षीस ह्या पोट्ट्याइले द्या! तो हिरो नुसता बसून हाय."

माझी बायको जंगलातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता, मध्ये दोन घाट, आणि एस.टी. तिच्या मर्जीनं येणार. म्हणून आम्ही जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. भाऊंना घेऊन मी चंद्रपूरला गेलो.

तिथं त्यांनी माझी पार शोभा केली. विकणारा कागद दाखवतो आहे आणि हे पुढच्या काचेखालच्या खाचेत बोटं घालून कचरा काढताहेत. एका गाडीतून सागाच्या पानाचा चुरा निघाला. "गावात फिरली म्हणता? हे जंगलात उभी होती." दुसरी म्हणे डॉक्टरची, घर ते दवाखाना एवढीच चाललेली. भाऊंनी दाराच्या कडेला नख मारलं. राखाडी पापुद्रा सुटला. "कोरपन्याच्या सिमेंट कारखान्याकडची गाडी हाय हे. डॉक्टर काय सिमेंट खाते?"

तिसऱ्या गाडीत मात्र त्यांना काहीच सापडलं नाही. पांढरी, छान, माझ्या मनात भरलेली. भाऊ बराच वेळ पुढच्या चाकापाशी बसले आणि उठून म्हणाले, "नोका घेऊ."

"का?"

"मन नाई भरून राह्यलं."

ते पाणी प्यायला गेले तेव्हा विकणारा माझ्या कानाशी लागला. "सर, सांगू नये, पण तुमच्या भाऊचं बाजूच्या दुकानात कमिशन असते. आमचा माल ते पासच करत नाई."

संशय घ्यायला मी भाऊंकडूनच शिकलो होतो, आणि पहिला वापर त्यांच्यावरच केला. गाडी घेतली. परतीच्या वाटेवर भाऊ मागच्या सीटवर बसले होते. आलापल्लीपर्यंत मान खिडकीबाहेर, पुढच्या चाकाकडे. मला वाटलं, कमिशन बुडालं म्हणून तोंड फिरवलंय.

त्यानंतर रोज सकाळी माझ्या गाडीखाली पेपर दिसू लागला. कालचा पेपर, चार कोपऱ्यांवर चार दगड. थोड्या वेळानं भाऊ येत, वाकून तो काढत, उजेडात धरत, नाकाशी नेत आणि घडी करून घेऊन जात. बायको निघाली की ओट्यावरून कान देत. गल्लीच्या टोकाच्या वळणावर तिचा हॉर्न वाजला की मान हलवत, "गेली बाई बराबर."

मला तो पेपर खुपू लागला. गाडी वाईट निघावी म्हणून हा माणूस रोज वाट पाहतो, असं मनानं घेतलं. एका सकाळी भाऊ वाकलेले असताना मी शेजाऱ्यांच्या देखत म्हणालो, "काय शोधता भाऊ? बुडालेलं कमिशन?"

ते हळूच उठले. पेपर खिशात कोंबला. "काई नाई सर. मांजर गेली वाटलं खाली," म्हणाले आणि गल्लीबाहेर निघून गेले.

पुढं पेपर दिसला नाही. ते शर्यत पाहायलाही आले नाहीत. मी बोलावलं नाही. हॉर्न वाजल्यावरचं "गेली बाई बराबर" मात्र ऐकू यायचं, आणि मी ते न ऐकल्यासारखं करायचो.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. वरोऱ्याला त्यांच्या मुलीकडे तेरवीचं जेवण करून आलो आणि बायको अंगणातच थांबली.

"तुम्ही त्यांना बोललात ना, त्याच दिवशी," ती म्हणाली, "पेट्रोल पंपापाशी हात आडवा करून उभे होते. म्हणाले, सिस्टरबाई, पुढं नोका जाऊ. खिशातून पेपर काढला. त्यावर डाग होता. ब्रेक ऑइल. पुढच्या चाकाची नळी चिरली होती. मला एस.टी.त बसवलं आणि गाडी मिस्त्रीकडे दिली. मी परत येईपर्यंत तिथंच बसून होते. मिस्त्रीवरही त्यांचा भरोसा नव्हता."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनीच शपथ घातली. म्हणाले, सरले नोका सांगू. त्याइले हे गाडी लय आवडते."

मी ओट्याकडे पाहिलं. दाराला त्यांच्या मुलीनं कुलूप लावलेलं होतं. सबंध गल्लीत ज्या एका माणसानं माझ्या बायकोचा जीव वाचवला, त्याला मी चारचौघांत चोर ठरवलं होतं, आणि तो मांजरीचं नाव सांगून गप्प निघून गेला होता. आता माफी मागायची तर कुलपाची.

हल्ली सकाळी कालचा पेपर मीच गाडीखाली घालतो, चार कोपऱ्यांवर चार दगड. काढून उजेडात धरतो, वास घेतो. डाग नसतो. बायको निघते. वळणावर हॉर्न वाजेपर्यंत मी समोरच्या ओट्याजवळ उभा राहतो, आणि वाजला की त्या बंद दाराला सांगतो, "गेली भाऊ, बराबर गेली."