हाल्याच्या कार्डावर चैत्याचा हात

दिवाळी आठ दिवसांवर आली तरी पाऊस काही काढता पाय घेत नव्हता. सायवनच्या पुढच्या डोंगरावर सकाळपासून ढग बसलेले. खाली चैत्याच्या शेतातलं भात आडवं झोपलेलं, ओलंकिच्च. असलं भात एरवी कुणी कापत नाही, उन्हाची वाट बघतात. पण आणखी दोन दिवस राहिलं तर दाण्याला मोड आले असते. म्हणून हाल्या उजाडल्यापासून एकटाच वाकला होता.

शेताचा धनी चैत्या बांधावर बसून होता. डाव्या हाताला पट्टी, हात गळ्यात अडकवलेला.

“बुडातून काप रं. हजामत करतोस का काय?” चैत्या म्हणाला.

“तू बस गुमान. साहेब झालास तर साहेबासारखा बस.”

“साहेबाला बोटं तरी असतात.”

हाल्या हसला नाही. चैत्याची बायको लाडकी कोरा चहा घेऊन आली होती, तीही हसली नाही. हाल्याच्या हातात पेला देत म्हणाली, “अकराला येणार हाय ना ती मॅडम?”

“हां.”

“मग आंघोळ करून जा. चिखलाचा नको जाऊ.”

हाल्याचं वय चाळिशीच्या आतबाहेर. सातवीत शाळा सुटली. मग माळावरचं गवत कापलं, पाच वर्षं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेला. बोटीवर गेलेला माणूस आठ-आठ महिने घर बघत नाही. थोरली पोर त्याला ओळखेना, तेव्हा जिजानं, त्याच्या बायकोनं, सांगितलं, आता पुरे. तेव्हापासून सहा वर्षं तो तलासरीजवळ हायवेच्या कडेला एका भांड्यांच्या कारखान्यात प्रेस चालवत होता. स्टीलचा गोल पत्रा साच्यावर ठेवायचा, प्रेस खाली येतो, पातेल्याचं झाकण तयार. पाळी कागदावर आठ तासांची, अंगावर बारा तासांची. तरी रोज घरी यायला मिळत होतं. हाल्याला तेवढं बस होतं.

पाड्यावर सावड चालते. आज मी तुझ्या लावणीला, उद्या तू माझ्या कापणीला. माणूस आजारी पडला तर त्याच्या जागी भाऊ जातो, भाऊ नसला तर शेजारी. काम झालं म्हणजे झालं, कुणाच्या हातानं झालं हे कुणी विचारत नाही. कारखान्यात मात्र प्रत्येकाला कार्ड होतं. ठेकेदाराचा नियमही होता. तीन दिवस खाडा झाला की नाव कापलं.

भादव्यात हाल्या तापानं आडवा झाला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे चैत्या आला आणि खुंटीवरचं कार्ड काढून खिशात घातलं.

“पडून रहा. मी जातो. तुझं नाव कापून कुणाचं भलं होणार हाय?”

चैत्यानं पूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात महिनाभर प्रेस चालवला होता, त्यामुळे जिजालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गेटवरच्या वॉचमननं कार्डावरचा नंबर बघितला, तोंड नाही.

आता त्या यंत्राची गोष्ट. प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, साच्यात हात राहायची सोयच नाही. हे ज्यानं कुणी शोधून काढलं, त्यानं किती तुटके हात बघितले असतील कोण जाणे. पण अशानं झाकणं कमी निघतात. म्हणून हाल्यानं डाव्या बटणात बांबूची खुटी मारून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण. सगळ्याच प्रेसवर अशा खुट्या होत्या. सुपरवायझर नविनभाई त्या बघायचा आणि पुढं जायचा.

खुटीचं चैत्याला सांगायचं राहिलं. तापात हाल्याला कशाचीच शुद्ध नव्हती.

तेलात काळी पडलेली खुटी चैत्याला दिसली नाही, तो सकाळपासून दोन्ही हात बटणांवर ठेवूनच प्रेस चालवत होता. दुपारी पत्रा साच्यात तिरका बसला. चैत्यानं डावा हात आत घालून तो सरळ केला. डावं बटण मोकळं आहे तोवर प्रेस येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. उजवा हात सहज बटणावर टेकला आणि प्रेस खाली आला. मधली दोन बोटं गेली.

नविनभाईनंच त्याला गाडीत घालून खासगी दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरला सांगितलं, “खेत में इळा लगा.” शेतात विळा लागला, तसंच चिठ्ठीवर आलं. आणि कारखान्याच्या रजिस्टरात त्या दिवशी हाल्या हजर होता, त्याची दहाही बोटं शाबूत. कागदावर कुणाला काही झालंच नव्हतं. भरपाई कुणाला आणि कशाची द्यायची?

लाडकी तलासरीला खेपा घालून अर्ज देऊन आली, म्हणून आज कारखाना तपासायला सरकारी मॅडम येणार होत्या.

हाल्या शेअरच्या इको गाडीत बसून गेला तेव्हा गेटवरच नविनभाई उभा होता.

“हाल्या, शांति राख. एवढंच बोल, ‘त्या दिवशी मशीनवर मी होतो.’ बस. तुझी नोकरी तुझ्याकडं.”

“आणि चैत्या?”

“त्याला दिवाळीला काहीतरी देऊ ना! अरे भाई, कार्ड दुसऱ्याला दिलंस तो गुन्हा तुझा. खुटी तुझी. खरं बोलून तूच फसणार.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. हाल्या आत गेला.

मॅडम तरुण होत्या, डोक्यावर हेल्मेट. सगळ्या प्रेसवरच्या खुट्या सकाळीच काढून टाकलेल्या. बटणं नव्यासारखी पुसलेली. त्यांनी रजिस्टरवर बोट ठेवलं. “सव्वीस तारखेला या मशीनवर कोण होतं?”

नविनभाई खोकला.

“चैत्या होता,” हाल्या म्हणाला. “माझ्या कार्डावर. मला ताप होता.”

“कार्ड असं देता येत नाही, माहीत आहे ना?”

“माहीत हाय. आमच्याकडं एकमेकांच्या जागी असंच जातात.” मग तो थांबला. इथंच थांबलं असतं तरी चाललं असतं, पण मॅडमचं पेन अजून वहीवर होतं. “या बटणात खुटी होती. मी मारलेली. इळा-बिळा नाय लागला त्याला. त्याला वाटलं, मशीन येणार नाय.”

मॅडमनी सगळं लिहून घेतलं, त्याला वाचून दाखवलं, सही घेतली. म्हणाल्या, “मालक म्हणणार, तो आमचा कामगारच नव्हता. सोपं नाही. पण आता निदान सांगायला काहीतरी आहे.”

गेटवर ठेकेदाराच्या माणसानं हात पुढं केला. हाल्यानं कार्ड दिलं.

परत आल्यावर तो आधी चैत्याकडं गेला. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खुटीचंही. इतके दिवस चैत्याला वाटत होतं की मशीनच बिघडलं होतं. हाल्यानंही तसंच वाटू दिलं होतं.

 चैत्या पट्टीचा सुटलेला धागा उजव्या हातानं ओढत राहिला.

“खुटी हाय, एवढंच सांगायचं होतंस.”

“हां.”

“एवढंच.”

“हां.”

लाडकी दारात उभी होती. तिनं आभाळाकडं बघितलं. “अर्धं भात राहिलंय,” ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

“उद्या येतो,” हाल्या म्हणाला. चैत्यानं ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही.

घरी जिजानं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि कार्डाचं विचारलं नाही. “शेळ्या सकाळपासून पाल्यावाचून गोठ्यातच हायेत,” एवढं म्हणाली. हाल्यानं पँट बदलली, कोयता कमरेला अडकवला आणि मागच्या उंबराच्या झाडावर चढला. खालून शेळ्या ओरडायला लागल्या. त्यानं एक पालेदार फांदी डाव्या हातानं धरली आणि छाटायला घेतली.