एक जाऊ आणि एक जाऊ दे

इस्त्रीच्या दुकानात दोन जावा टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून काम करायच्या. थोरली इस्त्री फिरवायची, धाकटी घड्या घालायची. थोरलीचा हात असा की कॉलरला दुसऱ्यांदा इस्त्री लावावी लागू नये. पण गल्ली तिला मानायची ती त्यासाठी नव्हे. मानायची मोठ्या मनाची म्हणून.

झालं होतं ते असं. थोरलीचे वडील अंथरुणाला खिळलेले. एका सकाळी दुकानात तिच्या भावाचा फोन आला, "बाबांचं काही खरं नाही, तिला लगेच पाठवा." फोन धाकटीने घेतला. थोरली मागच्या बाजूला पाणी भरत होती. टेबलावर हॉटेलच्या चादरींचा डोंगर, दुपारपर्यंत द्यायचा. धाकटी गप्प राहिली. चादरी गेल्या, मग तिने निरोप सांगितला. थोरली माहेरी पोचली तेव्हा वडील गेलेले होते.

ती परतल्यावर सगळं घर जमलेलं असताना धाकटी "निरोप विसरले गं, चुकलं माझं" म्हणत तिच्या गळ्यात पडून रडली. साऱ्यांच्या नजरा थोरलीच्या तोंडाकडे.

"जाऊ दे," थोरली म्हणाली.

घराचा जीव भांड्यात पडला. दीर म्हणाला, "मन असावं तर असं." थोरलीचा नवरा जात्याच थट्टेखोर. तो म्हणाला, "आमच्या घरात एक जाऊ आहे, आणि एक जाऊ दे." सगळे हसले. थोरलीचंही तोंड हसल्यासारखं झालं.

तेव्हापासून तिच्या आत काही हलेना. जेवण आळणी आहे की खारट, कळेना. वडिलांचा चेहरा मुद्दाम आठवून पाहिला, तर कुणा परक्याचा फोटो पाहतेय असं वाटे. अखेर ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तपासलं, सगळं ठीक निघालं.

"मग नेमका त्रास काय होतो?"

"त्रास होत नाही, हाच त्रास," थोरली म्हणाली.

एका दुपारी तिचा हात तापल्या इस्त्रीला टेकला आणि तसाच राहिला. धाकटीनेच तो ओढून काढला आणि गार पाण्याच्या बादलीत धरला.

"भाजलेलं कळत नाही का गं तुला, ताई? अशी काय झालीस? ते सगळं तर मनातून काढून टाकलंस ना?"

थोरलीने हात पाण्यातून बाहेर काढला.

"नाही टाकलं."

"अगं, तूच म्हणाली होतीस—"

"म्हणाले. सगळे बघत होते म्हणून म्हणाले. आता ते परत घेते."

"माफी काय परत घेतात होय कुणी?"

"मी घेते. खरं सांग, निरोप विसरलीस की दडवलास?"

धाकटीने घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली. "दडवला. तू गेली असतीस तर त्या चादरी माझ्याच्याने उरकल्या नसत्या. वाटलं, संध्याकाळपर्यंत राहतील ते."

थोरलीच्या आत काहीतरी हललं. राग होता तो. फार दिवसांनी आला म्हणून ओळखायला वेळ लागला.

"घरी जा," ती म्हणाली. "आज मला दिसू नकोस."

धाकटी गेली. थोरली मळक्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसली आणि "बाबा, बाबा" म्हणत मोठ्याने रडली. कुणी गिऱ्हाईक पँट न्यायला आलं होतं. ते दारातच थबकलं, "उद्या येतो" म्हणालं आणि निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "येऊ का?"

"ये. काम पडलंय."

"माफ केलंस?"

"नाही अजून. सारखं विचारू नकोस. होईल तेव्हा सांगेन, आणि सांगेन ते तुला एकटीला."

धाकटीने मान हलवली आणि समोरचा शर्ट ओढून घेतला.