फटाक्यांची माळ

प्रजासत्ताकदिनी आमच्या गावच्या शाळेत माजी सैनिकांचा सत्कार होता. पाहुणे येताच कुणीतरी हौसेने फटाक्यांची माळ लावली. पहिल्या रांगेतले निवृत्त हवालदार महादूकाका डोक्यावर हात धरून खुर्चीतच वाकले. सगळे हळहळले. "लढाई बघितलेला माणूस आहे," म्हणत सरपंचांनी स्वतः त्यांना पाणी दिलं.

शेजारी मेजर शालिनीताईही तशाच वाकल्या होत्या. सीमेजवळच्या लष्करी इस्पितळात त्यांनी वर्षानुवर्षं जखमी जवानांची शुश्रूषा केली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, तेही त्यांनी माझ्या वडिलांना समजावलं म्हणून.

त्यांच्याकडे बघून मात्र मागे हशा पिकला. "अहो ताई, फटाकाच आहे! बाईमाणसाचं काळीज शेवटी."

ताईही हसल्या, पण दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले.

झोप लागत नाही, असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. डॉक्टरकडे जायचं तर आधी आपल्याला काही झालंय, हे कुणीतरी मानायला हवं. दचकण्यासाठीसुद्धा पुरुषच असावं लागतं की काय?

पुढे काकांना फेटा बांधला गेला आणि ताईंची खणानारळाने ओटी भरली. शेवटी दुसरी माळ लावायला पोरं धावली, तेव्हा सरपंच ओरडले, "थांबा रे, काका बसलेत!"

काकांना गाडीत बसवून दिल्यावर माळ लावली. ताई अजून खुर्चीतच होत्या.