डोळे आले त्या आठवड्यात

धुळ्याच्या मूकबधिर शाळेत मी शिकवायचे म्हटलं की लोक विचारतात, "तिथं शांतता असेल ना, बाई?" कसली शांतता! बाकं आपटणं, पाय आपटणं आणि रोज एक किस्सा. किती सांगू आणि कुणाला? त्यातले निम्मे एकाच आठवड्यातले, गावात डोळ्यांची साथ आली तेव्हाचे.

आमची मुलं ओठ वाचून शिकायची. हातांनी खुणा करायला सक्त बंदी. हेडमास्तर नाना सगळ्यांना हात मागे घेऊन बसायला लावत. आणि ज्यांनी ओठ बघायचे तेच डोळे सुजलेले.

माझेही आले. नानांनी बाजारातून काळा गॉगल आणून दिला. बऱ्या डोळ्यांच्या नऊ मुलांचा वर्ग घ्यायला गेले. एकाकडे बघून म्हटलं, "उभा राहा." नऊच्या नऊ उभे! गॉगलमागून बाई कुणाकडे बघतात, ते कळणार कसं?

मग नानांचे आले. डोळे मिटून व्हरांड्यात बसले आणि शिपायाकडे पाणी मागितलं, ते अंगठा तोंडाला लावून. एका पोरानं ते पाहिलं. सरळ गेला आणि नानांचे दोन्ही हात धरून मागे नेले. नाना म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

माझ्या वर्गातल्या मंगलाचे डोळे तर उघडतच नव्हते. शाळेत येऊन दीड वर्ष झालं, एक शब्द फुटला नव्हता. पारोळ्याहून तिचे वडील, आबा, न्यायला आले. "कान नही, आते डोया भी नही. काय शिकाडशात?" घरी गेलेली मुलगी परत येत नाही, हे मला माहीत होतं. मी चार दिवस मागून घेतले.

ओठ दिसत नाहीत तर हात आहेत. तिचा तळवा माझ्या गळ्यावर ठेवायचा, "आबा" म्हणायचं, मग तिचाच हात तिच्या गळ्यावर. तिनं आवाज नाही काढला की मी तिची हनुवटी खाली दाबायची. दर वेळी दोघींनी साबणानं हात धुवायचे. माझ्या गळ्याचं कातडं सोलवटून निघालं.

पाचव्या दिवशी आबा पिशवी घेऊन हजर. मी त्यांना माझ्या स्टुलावर बसवलं. मिटल्या डोळ्यांनी मंगलानं समोरचा गळा चाचपला. हात वर सरकला, मिशा लागल्या. थांबली.

"आबा," म्हणाली.

आबांच्या गळ्यातून आवाज निघेना. मंगलानं थोडी वाट पाहिली, मग त्यांची हनुवटी खाली दाबली.

"ऱ्हाऊ द्या इले आठेच, शाळामा," आबा म्हणाले.